हिरासिंग गुरुजींचा देह

आपला देह मेडिकल कॉलेजला द्यायचा, हे हिरासिंग गुरुजींनी जाहीर केलं ते नातीच्या बारशात. डोंगरकड्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर मांडव पडला होता. पाळण्यातल्या लेकराचं आरोही असं नाव ठेवून झालं होतं, पंगत बसली होती, आणि वाशीमकडून आलेला एक पाहुणा सहज म्हणाला, गुरुजी, दोन शब्द बोला. तांड्यातल्या कुणाही शहाण्या माणसानं ही चूक केली नसती. गुरुजी उठले, धोतराचा सोगा झटकला आणि नातीच्या जन्मापासून सुरुवात करून युरोपमार्गे स्वतःच्या मरणापर्यंत येऊन पोचले. माणूस जन्मतो तेव्हा त्याचं नाव दुसरे ठेवतात, जात दुसरे ठरवतात, बायकोसुद्धा बहुतेक दुसरेच बघून आणतात, असं ते म्हणाले. निदान मेल्यावर कुठं जायचं एवढं तरी ज्याचं त्याला ठरवू द्या. मी नांदेडच्या मेडिकल कॉलेजात जाणार आहे. पोरं मला कापतील, बघतील, शिकतील. जाळून धूर करण्यापेक्षा ते बरं.

पंगतीतले हात तोंडापाशी थांबले. थोरला मुलगा ओमप्रकाश, ज्याचं आखाडा बाळापूरला खत-बियाण्यांचं दुकान होतं आणि ज्याचा डोळा पंचायत समितीच्या तिकिटावर होता, तो मान खाली घालून पत्रावळीकडे बघत बसला. बेबीबाई, म्हणजे गुरुजींची बायको, वरणाची बादली घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, की आधी लोकांना जेवू द्या, मग मरा.

गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्मभर मास्तरकी केली होती. त्यांचं तत्त्वज्ञान थोडक्यात सांगता येण्यासारखं होतं, पण त्यांनी ते कधीच थोडक्यात सांगितलं नाही. तीनचारशे वर्षांपूर्वी युरोपात काही हट्टी माणसं निघाली, त्यांनी राजाला आणि पाद्र्याला एकच गोष्ट विचारली, कशावरून? आणि दुसरी गोष्ट सांगितली, माझ्या डोक्यात काय असावं ते मी बघून घेईन. गुरुजींच्या मते पुढचं सगळं या दोन वाक्यांतून निघालं. मतपेटी निघाली, देवीची लस निघाली, पोरींच्या शाळा निघाल्या, आपली घटना निघाली, आणि जिच्यात कंडक्टर तिकीट विचारतो पण जात विचारत नाही ती एसटीसुद्धा निघाली.

या शेवटच्या मुद्द्याला शेषराव हरकत घ्यायचे. शेषराव हे गुरुजींचे एकमेव जिवलग आणि रोजचे विरोधक. ते एसटीत कंडक्टर होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी वारंगा फाट्यावर चहाचं हॉटेल टाकलं होतं. त्यांची बायको केशरबाई कढईवर भजी काढायची आणि शेषराव गल्ल्यावर बसून वाद घालायचे. ते म्हणायचे, की मी कुणाची जात विचारली नाही हे खरं, पण लोक माझी विचारायचे. नोकरीच्या सुरुवातीला तिकिटाचे पैसे वरून तळहातावर टाकणारे लोक त्यांनी पाहिले होते. बोटाला बोट लागू नये म्हणून. शिवाय विवेकाची गोष्ट बुद्धानं तुझ्या गोऱ्यांच्या दोन हजार वर्षं आधी सांगितली होती, असं ते दर दोन दिवसांनी ऐकवायचे.

"मग दोन हजार वर्षं इथं एसटी काहून न्हाई आली?" गुरुजी विचारायचे, आणि अशा रीतीनं दुपार व्हायची.

गुरुजींचा हा हट्ट पुस्तकातून आला असं लोकांना वाटे, पण तो त्यांच्या आज्यापासून आला होता. तांड्याचे लोक पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे. रेल्वे आली, धंदा बुडाला, आणि मग सरकारनं कायदा करून ठरवलं की हे लोक जन्मानंच चोर. गुरुजींच्या आज्याला पोलिसपाटलाकडे हजेरी द्यायला जावं लागे. त्यानं कधी कुणाची शेळीही चोरली नव्हती. एकदा त्यानं पाटलाला विचारलं, मालक, मी केलं काय? पाटील म्हणाला, तू काही केलं नाहीस, तू हाईस. गुरुजी हे वाक्य सांगताना नेहमीचा आवाज लावायचे नाहीत.

शेषराव तिथंही सोडायचे नाहीत. तुझ्या लाडक्या इंग्रजानंच तो कायदा आधी काढला आणि त्याचं बघून निजामानं काढला, असं ते सुनवायचे. स्वातंत्र्याची पुस्तकं लिहिणाराही तोच आणि तुझ्या आज्याला चोर म्हणणाराही तोच. गुरुजी म्हणायचे, बराबर. म्हणून त्याची काठी घ्यायची आणि त्याच्याच पाठीत हाणायची.

एवढा विवेकी माणूस रक्तदाबाची गोळी मात्र घेत नव्हता. बाळापूरच्या डॉक्टरांनी कितीदा तरी समजावलं. शेषराव म्हणायचे, गोळी घे असं तुझा विवेक सांगत नाही का? गुरुजींचं उत्तर ठरलेलं होतं. विवेक सांगून राहिला घे म्हणून, पण स्वातंत्र्य सांगून राहिलं नको घेऊ, आणि या महिन्यात स्वातंत्र्याचा नंबर आहे. बिडीच्या बाबतीत तर स्वातंत्र्याचा नंबर कधी संपतच नव्हता.

दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या एका सकाळी गुरुजी फाट्यावर आले, नेहमीच्या बाकावर बसले, आणि सरकारनं बिडीवर बंदी घालावी का, यावर वाद सुरू झाला. शेषराव घालावी म्हणत होते. तुझ्या धुराची तकलीफ मला होते, तुझ्या स्वातंत्र्याची हद्द माझ्या नाकापाशी संपते, असा मोठा रोकडा मुद्दा त्यांनी मांडला. गुरुजी काहीच बोलले नाहीत. शेषराव खूश झाले. त्यांनी मुद्दा आणखी पुढं रेटला, दोनचार गिऱ्हाइकांकडे बघून हसलेसुद्धा. मग केशरबाई भज्यांची बशी घेऊन आली आणि गुरुजींकडे बघून तिच्या हातातली बशी तिरपी झाली.

शेषराव नंतर सगळ्यांना सांगायचे, की जन्मात पहिल्यांदा हिरासिंग गप बसला आणि मला वाटलं मी जिंकलो.

शेषरावांचा मुलगा रत्नपाल याच्या पिकअपमधून गुरुजी तांड्यावर आले. बाळापूरच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तपासून दाखला दिला. तांडा जमला, बाया रडायला लागल्या. त्यांच्या रडण्यालाही एक चाल असते, आणि त्या चालीत गुरुजींचे गुण गायले जात होते, त्यांत काही त्यांच्यात कधीच नव्हते. ओमप्रकाश बाळापूरहून आला तो मोटारसायकल आडवी टाकून बापाच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. उठल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते लाकडं सांगायचं.

शेषराव म्हणाले, ओमप्रकाश, लाकडं कशाला? तुझ्या बापाची इच्छा तुला माहीत हाय.

ओमप्रकाश म्हणाला की इच्छा बापाची होती, तोंड मला दाखवायचंय. त्याचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. बापाला चितेवर ठेवून अग्नी द्यायचा, एवढं एकच काम थोरल्या मुलाकडे असतं, तेही बापानं काढून घेतलं होतं. शिवाय बापाला कुणीतरी अनोळखी पोरं कापतील, हा विचार त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. त्यानं तो बोलून दाखवला आणि पुन्हा रडला.

मग थावरा नायक पुढं झाले. तांड्याचा नायक म्हणजे तांड्याचा मुख्य माणूस, पंचांच्या वर त्याचा शब्द. थावरा नायकांचं आणि गुरुजींचं चाळीस वर्षं पटलं नव्हतं. पोरीला न विचारता सोयरीक ठरवली की गुरुजी विचारायचे, कशावरून तिला पसंत हाय? पंचांनी दंड लावला की विचारायचे, कोणत्या कायद्यानं? एवढं सगळं असूनही नायक आज मनापासून हळवे झाले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की मास्तर कसाही असला तरी आपला माणूस होता. त्याला आपल्या मातीत, आपल्या रीतीनं नेऊ. तसं नाही केलं तर तांड्यातलं कुणी खांदा देणार नाही.

"खांदा कशाला पायजे?" शेषराव म्हणाले. "ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरला चाकं असतात."

हे बोलायला नको होतं, हे त्यांना बोलता बोलताच कळलं. पण गुरुजींच्या संगतीत त्यांची जीभ तशीच घडली होती. गर्दीत कुजबुज वाढली. नायक म्हणाले, की मग तिसऱ्या दिवशीही कुणी येणार नाही. शेषरावांनी लगेच कायदा काढला. वाळीत टाकायला या राज्यात बंदी आहे, त्याला तुरुंग आहे, असं त्यांनी खड्या आवाजात सांगितलं.

"मी कुणाला जाऊ नको म्हणत न्हाई," नायक म्हणाले. "पण ज्याला यायचं न्हाई त्याला न येण्याचं स्वातंत्र्य हाय का न्हाई, कंडक्टरसाहेब?"

याला उत्तर होतं, आणि ते कुणाला माहीत होतं तर ओट्यावर पांढऱ्या चादरीखाली झोपलेल्या माणसाला.

डॉक्टर आतापर्यंत बाजूला उभे होते. त्यांनी सांगितलं, की गुरुजींनी जिवंतपणी लिहून दिलेलं असलं तरी कॉलेजवाले घरच्यांच्या संमतीशिवाय देह घेत नाहीत, आणि घरच्यांत पहिला शब्द बायकोचा. शेषरावांनी कपाळाला हात लावला. एवढ्या थोर तत्त्वांचा शेवट असा, की स्वतंत्र माणूस मेल्याबरोबर बायकोच्या ताब्यात जातो. केशरबाई बायांच्या घोळक्यातून हळूच म्हणाली, की जिवंतपणी काय येगळं होतं?

सगळे बेबीबाईकडे बघायला लागले. ओमप्रकाशच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला, कारण आईचं उत्तर त्याला माहीत होतं. बेबीबाई उपास करायची, पोहरादेवीला जायची, घरातल्या देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घ्यायची नाही. नवऱ्याची कापाकापी होऊ देणारी ती बाई नव्हतीच. तांड्यात आईला याडी म्हणतात. ओमप्रकाश म्हणाला, याडी, तू सांग यांना.

बेबीबाई म्हणाली, गाडी बोलवा.

ओमप्रकाशला वाटलं तिला समजलंच नाही. त्यानं कापतात, चिरतात, बाटलीत ठेवतात, असं सगळं तिला पुन्हा उलगडून सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. मग ती ओट्याच्या कडेला बसली आणि बोलली. आवाज चढवला नाही, त्यामुळे मागच्यांना पुढं सरकावं लागलं.

"तुझ्या बापाचा देवावर इस्वास नव्हता. पण मी लग्न होऊन आले तवा देवी कुठं ठेवू म्हणून इचारलं, तर त्यांनी स्वतः भिंतीत कोनाडा खणून दिला. मला पोहरादेवीच्या गाडीत बसवायला तेच यायचे. खिडकीतून म्हणायचे, तुझी देवी खोटी हाय, जपून जा, पाणी पी. एकदा मी त्यांची गोळी पिठल्यात कुटून घातली. त्यांना कळलं. रागावले न्हाईत. म्हणले, मला इचारून दिली असती तर कदाचित घेतलीबी असती. त्यानंतर मी घातली न्हाई, आन् ते असे गेले. मला वाटतं त्यांचं चुकलंच. पण त्यांनी मला जन्मभर आडवलं न्हाई. आता त्यांना उठून बोलता येत न्हाई म्हणून मी आडवू?"

थावरा नायकांनी एकदा म्हणून बघितलं, की वैनी, तुमाला एकटं पडावं लागेल. बेबीबाई म्हणाली, की त्या माणसाबरोबर संसार केला, एकटं पडायची सवय हाय. त्यावर गर्दीतलं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

ओमप्रकाश घरामागं निघून गेला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो परत आला, आणि खांदा नको असं शेषरावांनी म्हटलेलं असतानाही त्यानं स्ट्रेचरची पुढची बाजू उचलून धरली. चाकं जमिनीला लागू दिली नाहीत. मागची बाजू रत्नपालनं धरली. नायकांच्या देखत तांड्यातले आणखी दोघे आले. नायक दुसरीकडे बघत उभे राहिले, ते बहुतेक मुद्दाम.

गाडीत बेबीबाई, ओमप्रकाश आणि शेषराव बसले. फाटा आला तेव्हा शेषरावांनी ड्रायव्हरला जरा हळू घे म्हटलं. हॉटेल बंद होतं. कढई पालथी घातलेली होती.

कॉलेजात शरीररचना विभागाच्या प्राध्यापक बाई होत्या, ओमप्रकाशच्याच वयाच्या. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, काय होईल आणि काय होणार नाही हे घाई न करता समजावलं. त्यांनी जिथं सांगितलं तिथं बेबीबाईनं सही केली. सही गुरुजींनीच शिकवलेली होती, त्यामुळे अक्षर त्यांच्यासारखं तिरकं होतं. बापाला पाहायला परत यायला मिळतं का, असं ओमप्रकाशनं विचारलं. बाई नाही म्हणाल्या, पण इतक्या मायेनं म्हणाल्या की त्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं.

स्ट्रेचर आत नेणार तेवढ्यात बेबीबाईनं पिशवीतून नारळ काढला.

शेषराव चपापले. ते तिला बाजूला घेऊन समजावायला लागले. वैनी, इथं नको, हिरासिंगनं जन्मात कुठं नारळ फोडला न्हाई, हे सायन्सचं ठिकाण हाय, त्याला आवडलं नसतं. इतक्या लांब त्याचं म्हणणं राखत आलो, आता दारात येऊन ते कशाला मोडायचं.

"देह त्यांचा होता भाऊ, तो दिला," बेबीबाई म्हणाली. "नारळ माझा हाय."

शेषराव बाजूला झाले. प्राध्यापक बाईंनी कुणालाही न विचारता शिपायाला पायरी मोकळी करायला सांगितलं. बेबीबाईनं नारळ पायरीवर आपटला, पाणी दोन्ही बाजूंना शिंपडलं आणि एक तुकडा शेषरावांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला.

पहिल्या वर्षाची काही पोरंपोरी वऱ्हांड्यात उभी होती. ज्या माणसावर आपण शिकणार त्याला शिकण्याआधी वंदन करायची त्यांच्याकडे रीत आहे, असं बाईंनी सांगितलं. बेबीबाईनं त्या पोरांकडे नीट बघून घेतलं. काही जण घाबरलेले दिसत होते. ती त्यांना म्हणाली, की भिऊ नका, ते मास्तर होते. काही समजलं नाही तर विचारत राहा, विचारलेलं त्यांना लई आवडायचं. एक पोरगी रडायला लागली. मग ओमप्रकाशही.

तिसऱ्या दिवशी तांड्यातली निम्मी घरं आली आणि निम्मी आली नाहीत. थावरा नायक आले नाहीत, पण त्यांची बायको रुक्माबाई सकाळीच येऊन भाकऱ्या थापायला बसली. नायकांना विचारलं का, असं कुणीतरी म्हटलं, तर ती म्हणाली, त्यांनी मला कधी इचारलं? ओमप्रकाशनं डोकं भादरून सगळे विधी केले. अस्थी नव्हत्या, म्हणून त्यानं बापाचा चष्मा ताटात ठेवला. शेषराव आले, जेवले, आणि एका शब्दानं वाद घातला नाही. त्यामुळे लोकांना त्यांची काळजी वाटायला लागली.

फाट्यावर ते आता गल्ल्यावर बसून असतात. एखादा ट्रकवाला राजकारणावर काही बोलला की ते हो हो म्हणून मोकळे होतात. केशरबाई म्हणते, की माणूस जिंकायला लागला आणि चव गेली.

ओमप्रकाशचं मन फिरायला वेळ लागला नाही, आणि ते कसं फिरलं हे सांगायला हवं. बाळापूरच्या बाजारात लोक त्याला थांबवून सांगायला लागले, की तुमच्या वडलांनी केलं ते मोठं काम. डॉक्टरांनी एका कार्यक्रमात त्याचा सत्कार केला. कुठल्याशा पक्षाच्या तालुकाध्यक्षानं फोन केला. निवडणूक तोंडावर होती. मग एका सकाळी बाजाराच्या चौकात मोठा फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेला ओमप्रकाश होता, कोपऱ्यात नावासकट गुरुजी होते, आणि खाली ‘देहदानाचा वारसा, विचारांची मशाल’ असं लिहिलेलं होतं. फ्लेक्सवर ओमप्रकाशचा चेहरा गुरुजींच्या चौपट होता.

शेषरावांनी तो एसटीतून जाताना पाहिला आणि पुढच्याच थांब्यावर उतरून थेट तांडा गाठला. खूप महिन्यांनी त्यांना तरतरी आली होती. त्यांनी बेबीबाईला सांगितलं, की ज्यानं लाकडं सांगितली होती तोच आता मशाल घेऊन उभा हाय, आणि तो फ्लेक्स मी स्वतः जाऊन फाडणार. बेबीबाईनं चहा टाकला. तिचं म्हणणं पडलं, की त्यालाबी बोलायचं स्वातंत्र्य हायच की, गुरुजींनी मोठ्यात मोठ्या लबाडाला कधी बोलू नको म्हटलं न्हाई, फक्त कशावरून म्हणून इचारायचे. शेषराव कुरकुरत चहा प्यायले.

पण बाजारच्या दिवशी ती स्वतः बाळापूरला गेली. चौकात उभी राहून तिनं तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. मग दुकानात जाऊन तिनं ओमप्रकाशला सांगितलं, की तुझा फोटो केवढाबी लाव, मशाल लाव, काय पायजे ते लाव. बापाच्या नावापुढचा ‘स्वर्गीय’ तेवढा काढ.

ओमप्रकाश गोंधळला. तो म्हणाला, अगं याडी, मेलेल्या माणसाला तसंच लिहितात. आणि तू तर देव मानते.

"मी मानते," बेबीबाई म्हणाली. "पण ते स्वर्गात न्हाई गेले. ते नांदेडला गेले."